पर्वती, अण्णांचे गुडघे आणि दुपारचे बारा

सत्तरीच्या सासऱ्यांना घेऊन पुण्यातल्या पर्वती टेकडीवर जायचंय, दुपारी गेलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. वाचून आमचा एप्रिल आठवला. दुपारी अजिबात नेऊ नका!!

आमचे अण्णा इतिहासाचे मास्तर. त्यांना एकच बघायचं होतं, ५ नोव्हेंबर १८१७ ला दुसऱ्या बाजीराव पेशव्याने इंग्रजांशी झालेली खडकीची लढाई पर्वतीवर जिथून बघितली तिथे उभं राहून खडकीकडे बघायचं. मी शहाणा, आदल्या दिवशी एका माहिती कार्यालयात फोन लावला, तीन वेळा होल्डवर, मग एक बाई म्हणाल्या सकाळी वर काही उघडं नसतं, बारानंतर जा. (कुठलं कार्यालय ते लिहीत नाही, उगाच वाद नको.) आणि मीही काही न तपासता ऐकलं, इथेच माती खाल्ली. पहाटेपासून अर्धं पुणं तिथे चढ-उतार करतं हे शेजाऱ्याला विचारलं असतं तरी कळलं असतं.

पायऱ्या १०३, आकडा ऐकून घाबरायला होत नाही. पण त्या जिन्यासारख्या नाहीत, रुंद आणि उतरत्या आहेत, एका पायरीवर दीड पाऊल पडतं त्यामुळे लय लागत नाही, आणि गुडघ्यांचा खरा निकाल उतरताना लागतो. काठी न्याच. (मी डॉक्टर नाही, गुडघ्याचं ऑपरेशन वगैरे झालं असेल तर आधी त्यांना विचारा.)

देवदेवेश्वराच्या दारात चपला काढल्या आणि काळ्या फरशीवर पाऊल टाकलं तर तवा! अण्णा कोपऱ्यातल्या वीतभर सावलीत एका पायावर उभे, मी पळत जाऊन त्यांचे पायमोजे आणले. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये देऊळ बांधलं, पानिपतानंतर १७६१ मध्ये ते गेले तेही इथेच, हे सगळं अण्णा तशातही सांगत होते. आणि शेवटी वरून बघितलं तर खडकीच्या दिशेला नुसता पांढरा धुरळा, जवळची सारसबाग तेवढी नीट दिसत होती, आणि तिथे पूर्वी तळं होतं त्यावर त्यांनी समाधान मानलं.

माझं मत विचाराल तर (पटलं तर घ्या) आदल्या रात्री पाऊस झालेला असेल अशा दिवशी सकाळी सातच्या आत पायथ्याला. ओल्या पायऱ्यांवर मात्र हात धरा. वर पेशव्यांचं संग्रहालय आहे, त्याची वेळ वरच विचारा, फोनवर नको. पाणी खालूनच घ्या. आणि संध्याकाळी गेलात तर उतरल्यावर सारसबागेची भेळ, पण मग अंधाराआधी उतरायला हवं.

पुढच्या सप्टेंबरात मी एकटाच गेलो. सगळं लख्ख दिसत होतं, सिंहगडसुद्धा. खडकीच्या बाजूचा फोटो अण्णांना पाठवला. उत्तर आलं, "पाय भाजले का?"