बाबांची पुस्तकं आणि दादाचा अबोला

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र वाचून पोटात तुटलं. बाबांना जाऊन वर्ष झालं, डोंबिवलीची इमारत पुनर्विकासाला चालली आहे, महिन्याभरात घर रिकामं करायचंय. दादा म्हणाला, "पुस्तकं रद्दीत घाल, कोण वाचणार आता?" तुम्ही त्याला नको ते बोललात आणि तेव्हापासून त्याचा फोन नाही. शेवटी तुम्ही विचारलंय, "यातली निम्मी पुस्तकं मी उघडलेलीही नाहीत, मग मी कशासाठी भांडतेय?"

ते तुम्हीच लिहून गेलात. रात्री जेवणं उरकली की बाबा दिवाळी अंकातली कथा मोठ्याने वाचायचे, आई भाजी निवडत ऐकायची, तुम्ही भावंडं सतरंजीवर आडवी. जीव अडकलाय तो त्यात. पण त्यासाठी दोन्ही कपाटं तुमच्या छोट्या घरात आणू नका. पावसाळ्यात कसर लागेल, सासूबाईंचा दमा उसळेल आणि त्या खोक्यांचा तुम्हालाच राग यायला लागेल.

आधी पानं उलटा. जिथे बाबांची पेन्सिल फिरलीय, समासात काही खरडलंय, पहिल्या पानावर सही आणि तारीख आहे, ती पुस्तकं तुमची. एका फळीवर मावतील तेवढीच ठेवा.

दिवाळी अंक मात्र घाईने रद्दीवाल्याच्या काट्यावर चढवू नका. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून घरोघरी अंक येतात आणि बहुतेक रद्दीतच जातात. तुमच्याकडे साठच्या दशकापासूनचे सलग आहेत, हे मोलाचं आहे. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं, दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. तिथे नाव, वर्ष आणि अंकाची अवस्था अशी यादी पाठवून विचारा. टेम्पो भरून थेट दारात जाऊ नका. जागेची अडचण त्यांनाही असते. नाही म्हणाले तर मनाला लावून घेऊ नका. कथा-कादंबऱ्यांसाठी गावाकडच्या एखाद्या 'ड' वर्ग, म्हणजे सरकारी अनुदानाच्या सगळ्यात खालच्या वर्गातल्या, वाचनालयाला फोन करा, तिथे नवी खरेदी फार होत नाही.

आता दादा. बाबांच्या आजारपणात रात्री हॉस्पिटलात तोच झोपायचा, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. मी तिथेच थांबले. हा माणूस बाबांची किंमत नसलेला नाही. त्या घरात पाऊल टाकणंच त्याला जड जात असावं, म्हणून सगळं एकदाचं उरकायचंय त्याला. फोन तुम्हीच करा. जुना हिशेब काढू नका. "दादा, रविवारी ये, पुस्तकं दोघं मिळून काढू," एवढंच बोला. आला नाही, तरी त्याच्या आवडीच्या कथेचा अंक त्याच्या नावाने बाजूला ठेवा. कुठली कथा तो पुन्हा पुन्हा वाचायला लावायचा, ते तुम्हाला आठवत असेलच.

न वाचलेल्या पुस्तकांचं ओझं घेऊ नका. बाबांनी ती स्वतःच्या आनंदासाठी घेतली होती.

आणि हो, फाटक्या पुठ्ठ्यांना सेलोटेप लावू नका, काही वर्षांत कागद पिवळा पडतो. सुती नाडीने सैलसर बांधा.

तुमची,
ताई