आजोबांची कोर्सा ठेव, पण इतक्यात सेल्फ मारू नकोस

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. आजोबांची २००३ ची ओपेल कोर्सा, १.४ पेट्रोल, ७१ हजार किलोमीटर चाललेली. आजोबा गेल्यापासून दोन वर्षं बडोद्यात कारेलीबागेतल्या घराच्या शेडमध्ये उभी आहे. आर.सी. (नोंदणी) २०२३ मध्येच संपलेली. घरचे म्हणतात भंगारात द्या, तीस हजार तरी येतील, आणि नवी घ्या. कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणतो, "बॅटरी टाकू, सेल्फ मारू, चालू होईल." आणि तू विचारतोयस की ठेवावी का, रोज ऑफिसला नेता येईल का, खर्च किती येईल.

माझ्याकडे २००२ ची कोर्सा आहे, १.६. २०११ मध्ये घेतली, मी तिची तिसरी मालकीण. काटा आज १ लाख ६३ हजारांवर आहे. तेवढ्या अनुभवावर सांगते: गाडी ठेव. रोज ऑफिसला नेऊ नकोस, त्यासाठी घरचे म्हणतात ती नवी गाडी खुशाल घ्या. आणि त्या मेकॅनिकला सेल्फला, म्हणजे स्टार्टरला, हात लावू देऊ नकोस. ते का, ते पुढे लिहिलंय.

आधी कागद, कारण बहुतेक जण तिथेच दमतात. पेट्रोल गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, हे तुला माहीत असेलच. एप्रिल २०२२ पर्यंत त्याची फी ६०० रुपये होती, ती ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० रुपये. तुझी गाडी त्यातच बसते. वर उशिराचे महिन्याला ५०० रुपये, म्हणजे अडीच वर्षांचे १५ हजार झाले. दिल्लीसारखी १५ वर्षांची बंदी आपल्याकडे नाही, तेवढा दिलासा. शिवाय गाडी अजून आजोबांच्या नावावर असणार. वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती लागते. दर्जीपुऱ्याच्या आरटीओत जाऊन दोन्ही कामं कोणत्या क्रमाने करायची ते समोरासमोर विचारून घे. एजंटावर सोडलंस तर एक कागद राहतो आणि तो नेमका विमा घेताना आठवतो. तोवर गाडी रस्त्यावर काढायचीच नाही, टो करूनच न्यायची. आर.सी. नसताना कुणाला धक्का लागला तर विम्याचा आधार राहत नाही.

म्हणजे भंगारात जेवढे मिळतील साधारण तेवढेच कागदांवर जाणार. हा हिशोब घरच्यांसमोर पहिल्याच दिवशी मांड. नंतर कळला तर प्रत्येक स्पेअर पार्टच्या वेळी वाद होतो. मी माझ्या घरी पहिली दोन वर्षं खर्च अर्धाच सांगत होते, आणि त्याचा त्रास गाडीच्या त्रासापेक्षा मोठा झाला. आता वही सगळ्यांसमोर असते. गेल्या वर्षी ३८ हजार गेले, त्यातले १४ हजार एकट्या एसीचे.

आता गाडीकडे येऊ. ही आपल्या पंचक्रोशीतली गाडी आहे, हे तुझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. हालोलच्या कारखान्यात १९९६ मध्ये जनरल मोटर्सने ओपेल ॲस्ट्रा काढायला सुरुवात केली आणि २००० मध्ये कोर्सा आली. इथून चाळीस किलोमीटर. तेव्हा दांडिया बाजारात आमच्या वाड्यातल्या दोन घरांतली मुलं तिथे नोकरीला होती, सकाळच्या अंधारात कंपनीची बस धरायची. २००६ मध्ये ओपेल हे नाव भारतातून गेलं, २०१७ मध्ये हालोलचा कारखाना जनरल मोटर्सने बंद केला, आणि त्याच जागेतून २०१९ पासून एमजीची हेक्टर बाहेर पडते. आज आपल्या गावाशेजारी जन्मलेल्या गाडीची काच वर-खाली करायची यंत्रणा शोधायला मला तीन महिने लागतात. गाडी बंद पडल्याचं मला फारसं काही वाटत नाही, दुरुस्तीत मजाच असते. जीव जातो तो वाट बघण्यात. एका रबरी बुशसाठी गाडी जॅकवर सहा आठवडे उभी, आणि रोज तिच्या शेजारून रिक्षा पकडायला जायचं.

पण ही कोर्सा जगभर विकली गेलेली आहे, आणि तिथेच आपली सुटका आहे. ब्राझीलमध्ये ती शेवरोले म्हणून विकली जायची, क्लासिक या नावाने तर २०१६ पर्यंत. त्यामुळे भाग अजून बनतात. जुना भाग काढलास की फेकू नकोस. त्यावर कोरलेला आठ आकडी नंबर पुसून, फोटो काढून, वहीत लिही. दुकानात 'कोर्साचं अमुक द्या' म्हटलं तर 'नाही मिळत' एवढंच ऐकू येतं. नंबर सांगितला की तोच माणूस शिडी लावून वरच्या फळीवरून खोका काढतो. मुंबईच्या कुर्ल्याला आणि दिल्लीच्या मायापुरीला जुने भाग मिळतात, पण रबर आणि ब्रेकचं काही जुनं घेऊ नये. पत्रा, दिवे, काचा, दाराची हँडलं जरूर घे.

मेकॅनिक शोधायला मला चार वर्षं लागली. आता जो आहे तो वाघोडिया रोडला छोटं गॅरेज चालवतो आणि हालोलच्या लाइनवर नऊ वर्षं होता. पहिल्या दिवशी त्याने बोनेट उघडलं नाही. चारही दारं एकेक करून उघडली, मिटली, आवाज ऐकला आणि म्हणाला, "बेन, डाव्या मागच्या दाराला धक्का लागलेला आहे." खरंच लागला होता, २०१३ मध्ये, आणि काम इतकं चांगलं झालं होतं की मीही विसरले होते. असा माणूस मिळाला की त्याच्या वेळेप्रमाणे आपण चालायचं, घासाघीस करायची नाही.

त्याच्या आधीच्या एका गॅरेजने काय केलं ते सांगायलाच हवं, कारण तुझ्या गाडीतही ते झालेलं असू शकतं. मे महिना होता. सासूबाईंना पावागढला न्यायचं ठरलं होतं. जरोदच्या पुढे तापमानाचा काटा अर्ध्यावरून पाऊणवर गेला. एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि हीटर पूर्ण चालू केला. बाहेर ४३ अंश, आत हीटर! सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. पण हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, इंजिनची उष्णता तेवढीच ओढून घेतो. काटा थोडा खाली आला, तेवढ्यात कडुलिंबाची सावली गाठली. कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, प्लास्टिकची टाकी खालच्या शिवणीला तडकली होती. एकोणीस वर्षं उकळत्या पाण्याच्या दाबाखाली राहिलेलं प्लास्टिक, कधीतरी जाणारच. आठवडाभर टाकीखाली पांढरट डाग दिसत होता आणि मी पुढच्या रविवारी बघू म्हणत होते. पाऊण तास टोपणाला हात लावला नाही. गरम असताना टोपण उघडलं तर वाफ तोंडावर येते, हे लक्षात ठेव. सासूबाईंनी डब्यातल्या दशम्या तिथेच उघडल्या. शेवटी एका ट्रकवाल्याने पाण्याचा कॅन दिला आणि आम्ही थांबत थांबत परतलो.

जवळच्या गॅरेजने टाकी बदलली, नळाचं पाणी भरलं आणि मला न सांगता थर्मोस्टॅट काढून टाकला. "आपल्या हवेत लागत नाही," हे नंतर सांगितलं. हे वाक्य तुला शंभर ठिकाणी ऐकू येईल. थर्मोस्टॅट म्हणजे साधी झडप. इंजिन साधारण ९० अंशांना पोहोचेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ती काढली की इंजिन कायम थंड राहतं, संगणक जास्त पेट्रोल सोडतो, तेलात ओल साठते. माझं ॲव्हरेज १४ वरून ११ वर आलं आणि कारण कळायला पूर्ण हिवाळा गेला. तुझ्या गाडीत थर्मोस्टॅट आहे की नाही ते पहिल्या आठवड्यात बघून घे. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धं-अर्धं, नळाचं पाणी नको. आपल्याकडच्या पाण्याचे क्षार आत थर धरतात.

पेट्रोलचंही ऐक. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा, त्यामुळे ॲव्हरेज थोडं कमी येणार, ते मान्य करून टाक. काळजी रबराची कर. २००३ चे पाइप या पेट्रोलसाठी बनवलेले नाहीत. ते फुगतात, मग चिरतात, आणि इंजिनजवळ पेट्रोल ठिबकणं म्हणजे आग. टाकीपासून इंजिनपर्यंतचे सगळे रबरी पाइप नव्या प्रतीचे बसव. इथेनॉल हवेतली ओलही ओढतं, म्हणून दोन वर्षं टाकीत राहिलेलं पेट्रोल काढून टाकायचं, त्यावर ताजं ओतायचं नाही.

तुझं कारेलीबाग, माझं समा. ऑगस्ट २०२४ तुलाही आठवत असेल. विश्वामित्री नदीचं पाणी ३५ फुटांपुढे गेलं आणि आमच्या सोसायटीत तीन दिवस राहिलं. कोर्साच्या सीटच्या खालच्या कडेपर्यंत ओल होती. मी बॅटरीची तार काढली आणि गाडी नऊ दिवस तशीच ठेवली. सीट काढल्या, गालिचा गच्चीवर वाळवला, प्रत्येक वायरचं सॉकेट उघडून पुसलं, तेल दोनदा बदललं. मगच सेल्फ मारला. समोरच्या घरातली गाडी दीड वर्षाची होती. त्या मुलाने पाणी ओसरताच घाईने बटण दाबलं. सिलिंडरमध्ये पाणी होतं, पाणी दाबलं जात नाही, पिस्टनला जोडलेला दांडा, कनेक्टिंग रॉड, वाकला. पॉलिसीत इंजिनचं जादा संरक्षण घेतलेलं नव्हतं, विमा कंपनीने इंजिनचे पैसे नाकारले. त्या घरातली माणसं किती दिवस गप्प होती, ते मी बघितलंय. पुन्हा पाऊस वाढला तेव्हा मी रात्री अकरा वाजता गाडी उड्डाणपुलावर नेऊन लावली. तिथे आधीच रांग होती. कुणीतरी थर्मासमधून चहा दिला. पहाटेपर्यंत आम्ही आठ-दहा जण आपापल्या गाडीशेजारी उभे होतो, आणि त्यातले तीन आज माझे जवळचे मित्र आहेत.

म्हणून म्हणते ठेव. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या हिरवळीवर जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, चकचकीत, संस्थानिकांच्या गाड्या. डोळ्यांचं पारणं फिटलं. पण घरी आल्यावर माझ्या गाडीचं दार मिटलं, तो जड 'धप्प' आवाज आला, आणि मला तीच हवी होती. रविवारी साडेपाचला निघते. हालोल रोडवर उजाडायच्या आत पावागढची काळी रेघ दिसायला लागते. १.६ चं इंजिन तीन हजार फेऱ्यांच्या वर मोकळं होतं, स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळतो, कुठल्या पुलाच्या सांध्यावर पुढचं डावं चाक काय बोलेल ते मला आधी माहीत असतं. चांपानेरच्या तटाशी चहा, साडेआठला परत, येताना सेव-उसळ. दसऱ्याला झेंडूचा हार घालते, तेव्हा सासूबाई आपट्याचं पान वायपरखाली खोचून ठेवतात, लिंबाखालच्या त्या दुपारपासून.

आता सेल्फचं. दोन वर्षं उभ्या इंजिनमध्ये सिलिंडरच्या भिंती कोरड्या असतात. आधी चारही स्पार्क प्लग काढ, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोड, रात्रभर राहू दे. दुसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलला ठेवून पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने दोन फेरे फिरव. अडलं तर जोर करू नकोस, मला फोटो पाठव. मोकळं फिरलं तर नवं तेल, फिल्टर, ब्रेक ऑइल, ताजं पेट्रोल. बोनेटखाली उंदराने वायरी कुरतडल्यात का तेही बघ. शेडमध्ये दोन वर्षं म्हणजे बहुतेक कुरतडल्या असतील.

आणि टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनच्या झडपांची वेळ सांभाळणारा रबरी पट्टा. तो किलोमीटरने जातो तसा वयानेही जातो. तू लिहिलंयस की आजोबा प्रत्येक पेट्रोल भरल्याची नोंद डायरीत करायचे. मग बेल्टचीही केली असणार. ती डायरी शोध, मागच्या पानांपासून बघ. पाच वर्षांच्या आतली तारीख सापडली तर पुढे जा. नाही सापडली तर आधी बेल्ट बदल, मग किल्ली. माझ्याकडे १.४ ला चालणारी कूलंटची टाकी एक जादा आहे, ती तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे.