मशीन नंतर, आधी दळण: घरच्या कॉफीबद्दल वाचकांचे प्रश्न

घरी चांगली कॉफी कशी करायची यावर प्रश्न पाठवा म्हटलं होतं, आणि बरीचशी पत्रं ‘कुठलं मशीन घेऊ’ याच धाटणीची आली. मशीनकडे येतेच, पण आधी कोल्ड ब्रू, म्हणजे गार पाण्यात तासन्‌तास भिजवून काढलेली कॉफी घेते, कारण ऑक्टोबर हीट सुरू झालीये आणि गरम काही प्यायची इच्छाच होत नाहीये.

प्रश्न: फिल्टर कॉफीची पावडर रात्री पाण्यात घालून फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी गाळली तर सगळा गाळ खाली आणि चव मातकट. कोल्ड ब्रू अशीच लागते का? (डोंबिवली)

नाही हो, अशी नाही लागत. पावडरीचं पाकीट उलटं करून बघा, चिकोरी किती टक्के ते छापलेलं असेल, कायद्याने छापावंच लागतं. चिकोरी हे भाजलेलं मूळ, कॉफीच्या झाडाशी त्याचा काही संबंध नाही, दुधातल्या डिकॉक्शनला (फिल्टरमधून उतरलेल्या घट्ट कॉफीला) ते छान रंग आणि घट्टपणा देतं पण रात्रभर गार पाण्यात बसलं की तुम्ही म्हणताय तीच मातकट चव पुढे येते. दुसरं म्हणजे ही पावडर फिल्टरसाठी बारीक दळलेली असते, ती साध्या गाळण्यात अडकणार नाही. त्यामुळे विना-चिकोरी कॉफी घ्या आणि दुकानदाराला जाडसर दळायला सांगा, ‘फ्रेंच प्रेससाठी’ म्हटलं की त्याला कळतं.

प्रमाण सांगते: १०० ग्रॅम कॉफी, ८०० मिली पाणी, काचेची बरणी, एकदा चमच्याने ढवळायचं म्हणजे कोरडी पावडर वर तरंगत राहत नाही, झाकण लावून फ्रिजमध्ये १६ तास. बाहेर ओट्यावर १२ तासांत पण होते, पण मुंबईच्या उकाड्यात मी तरी फ्रिजच म्हणेन. गार पाण्यात आंबटपणा आणि कडवटपणा कमी उतरतो म्हणून ही कॉफी गुळगुळीत लागते, तेवढ्यासाठी एवढा वेळ थांबायचं. आधी चहाच्या गाळण्याने गाळा, मग धुतलेल्या सुती कापडातून, आणि कापड पिळायचा मोह आवरा, पिळलं की बारीक गाळ परत आलाच. पावडर बरंच पाणी पिऊन घेते, हातात साधारण ६०० मिली येईल, कमी भरलं म्हणून घाबरू नका. हा अर्क आहे, पिताना तेवढंच पाणी किंवा दूध घालायचं, बर्फ घालणार असाल तर पाणी थोडं कमी. नुसता ग्लासभर पिऊन ऑफिसला गेलात तर दुपारपर्यंत हात थरथरतील. चार-पाच दिवसांत संपवा, नंतर चव पडते.

प्रश्न: ‘१५ बार’ लिहिलेलं एस्प्रेसो मशीन घेतलं. वर फेस छान येतो पण कॉफी पाणचट आणि आंबट. मशीन खराब निघालं का? (परळ)

बहुतेक मशीनचा दोष नाहीये, कॉफीचा आहे. आधी त्या १५ बारचं बघू. बार हे दाबाचं माप, आणि एस्प्रेसो म्हणजे दाबाने गरम पाणी पावडरीतून ढकलून काढलेली छोटी, घट्ट कॉफी. तो पंप जास्तीत जास्त किती जोर लावू शकतो त्याचा आकडा, एस्प्रेसोला लागतात साधारण ९. म्हणजे १५ वाचून हुरळून जायचं कारण नाही आणि २० लिहिलेलं मशीन जास्त चांगलं असंही नाही. हां, पंपच नसलेली, नुसत्या वाफेवर चालणारी स्वस्त मशीनं मिळतात ती मात्र वेगळी. मिलानच्या लुइजी बेझेराने १९०१च्या सुमाराला वाफेच्या जोरावर कॉफी काढणारं मशीन केलं, त्यात जेमतेम दीड बारचा दाब मिळायचा, आणि कॉफीवरचा तो सोनेरी फेस, म्हणजे क्रेमा, दुसऱ्या महायुद्धानंतर गाजियाच्या दांड्याच्या मशीनमधून आला, कारण दाब तेव्हा वाढला. त्यामुळे बिनपंपाचं मशीन घेऊन क्रेमाची वाट बघण्यात अर्थ नाही. तुमचं चालू केल्यावर घुर्रर्र आवाज करत असेल तर पंप आहे, निश्चिंत राहा.

आता फेस. कॉफी भरायची ती जाळीदार वाटी काढून उजेडात धरा. आतून खूप भोकं आणि बाहेरून एकच बारीक भोक दिसलं तर ती दुहेरी तळाची वाटी आहे. त्या एका भोकातून जोरात बाहेर पडताना शिळ्यातली शिळी कॉफी पण फेस काढते. म्हणून फेस बघून खूश होऊ नका, चव बघा.

पाणचट-आंबट म्हणजे पाणी पावडरीतून पळालं, दळण जाड पडलं. तयार पाकिटातली पावडर बहुधा एस्प्रेसोला पुरेशी बारीक नसते, आणि नेमकी किती बारीक हवी हे मशीनप्रमाणे, बीन्सप्रमाणे, पावसाळ्यात तर हवेप्रमाणेही बदलतं, म्हणून दळायचं यंत्र घरात लागतंच. मिक्सर नको. मिक्सरचं पातं अर्धी पावडर पिठासारखी करतं आणि अर्धे बीन्स नुसते फोडतं, मग एकाच कपात कडू पण आणि आंबट पण. चक्कीच्या तत्त्वावर चालणारा बर ग्राइंडर घ्या, हाताने फिरवायचा चालेल, घेताना तो एस्प्रेसोइतकं बारीक दळतो का ते विचारा, सगळे नाही दळत. मग साधी जाळी असलेली, एकेरी तळाची वाटी मागवा, आणि एक वजनकाटा. १८ ग्रॅम कॉफी भरा (वाटी लहान असेल तर १४-१५), कपात दुप्पट वजनाची उतरली पाहिजे, म्हणजे ३६ ग्रॅम, २५ ते ३० सेकंदांत. दहा सेकंदांत भसाभसा आली तर अजून बारीक दळा, थेंब थेंब येऊन कडू लागली तर जाड करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय केल्याने सुधारली ते कळतच नाही. आणि पहिला कप काढण्याआधी मशीन पंधरा मिनिटं चालू ठेवून तापू द्या, रिकामंच एकदा पाणी सोडा, लहान मशीनमध्ये हे कोणी करत नाही आणि मग गार धातूतून आलेली कॉफी आंबट लागते.

हे सगळं वाचून अजून मशीन न घेतलेल्या वाचकांना एक सांगू का? घरात सगळे दूध-साखर घालूनच पिणारे असतील तर मी मशीन घेणार नाही. मोका पॉट घेईन, म्हणजे गॅसवर ठेवायचं भांडं, खालचं पाणी तापून वाफेच्या जोराने मधल्या पावडरीतून वर चढतं. इटलीत १९३३मध्ये बियालेत्तीने आणलेलं हे भांडं, दाब एक-दोन बारच्या आसपास, त्यामुळे एस्प्रेसो नाही होत पण दुधात टिकेल इतकी दमदार कॉफी होते. खाली गरम पाणी व्हॉल्व्हच्या जरा खालपर्यंत, पावडर भरून नुसती सपाट करायची, दाबायची नाही, गॅस बारीक, आणि गुडगुड आवाज सुरू झाला की लगेच बंद. अ‍ॅल्युमिनियमचं इंडक्शनवर चालत नाही, हे आधी बघून घ्या. वाचलेल्या पैशांत ग्राइंडर.

प्रश्न: आमच्याकडे आरओचं पाणी आहे. तेच वापरावं ना कॉफीला? (मुलुंड)

सोसायटीला तलावाचं, म्हणजे महापालिकेचं पाणी येत असेल तर ते मुळातच हलकं आहे, भातसा-तानसा-वैतरण्याचं पावसाचं पाणी ते. साध्या फिल्टरचं गाळून घ्या, पुरे. आरओ त्यातलेही क्षार काढून टाकतो, आणि चव उतरवायला थोडे क्षार लागतात, अगदीच रिकाम्या पाण्यात कॉफी पोकळ किंवा टोचरी लागते. टँकर किंवा बोअरिंगचं पाणी असेल तर उलट, तिथे आरओच बरा, नाहीतर मशीनमध्ये पांढरा थर साचून ते एक दिवस मान टाकेल.

प्रश्न: पावसाळ्यात कॉफी फ्रिजमध्ये ठेवावी का? (बोरिवली)

रोज उघडायचा डबा फ्रिजमध्ये नको. गार डबा दमट हवेत उघडला की आत बाष्प धरतं, वर लसणीच्या चटणीचा वास फुकट. हवाबंद डबा, गॅसपासून लांबचं कपाट, आणि एका वेळी पाव किलोच आणा. भाजल्याची तारीख छापलेलं पाकीट घ्या, नुसती ‘बेस्ट बिफोर’ काही उपयोगाची नाही. भाजल्यावर आठवडाभर थांबून पुढचा महिना ती उत्तम असते. जास्त आणलीच तर छोट्या पुड्या करून फ्रीझरमध्ये, आणि बाहेर काढलेली पुडी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची.

गंमत म्हणजे ‘मान्सून्ड मलबार’ नावाची आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरची कॉफी मुद्दाम पावसाळी वारं खाऊ घालून करतात, बीन्स फुगून पिवळट होतात आणि आंबटपणा जातो. पण ते कच्चे बीन्स असतात, भाजायच्या आधीचे. तुमच्या भाजलेल्या पाकिटावर हा प्रयोग नको.

प्रश्न: सासूबाईंच्या पितळी फिल्टरमधून डिकॉक्शन पडतच नाही. ठोकून ठोकून थकले. (गिरगाव)

ठोकू नका, पोचे येतील. वरची चकती पावडरीवर नुसती ठेवायची असते, आपण जोर लावून दाबतो. भोकं बुजली असतील तर भांडं व्हिनेगरच्या गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून जुन्या टूथब्रशने घासा. तरी अडलं तर वरचं भांडं जरासं उचलून परत बसवा, खालची हवा अडकलेली असते. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या बाजूला अजूनही समोर दळून देणारी दुकानं आहेत, चिकोरी सांगाल तेवढी घालतात, तिथे ‘फिल्टरसाठी’ सांगा, अतिबारीक नको. ८० टक्के कॉफी, २० टक्के चिकोरी इथपासून सुरुवात करा.

प्रश्न: आमच्याकडे पाहुण्यांना जायफळाची कॉफी लागते. महागाचे बीन्स त्यात वाया जातात का? (पार्ले)

महागाचे, हलके भाजलेले, फळांच्या वासाचे बीन्स घेतलेत तर हो, वाया. त्यांचा आंबटपणा दूध आणि जायफळाशी भांडतो. मध्यम-गडद भाजलेली कॉफी घ्या, वर सांगितलेली मान्सून्ड मलबार इथे फार छान बसते. दुधात साखर आणि जायफळ घालून तापवा, गॅस बंद करून मगच डिकॉक्शन ओता. कॉफी दुधात उकळत ठेवायची सवय आपल्या घराघरांत आहे, ती तेवढी सोडा. जायफळ ताजं किसायचं, चार कपांना दोन चिमटी, जास्त झालं तर पाहुणे तिथेच झोपतील असं आमच्याकडे म्हणतात.

प्रश्न: लग्नातल्या मशीनची फेसाळ, वर चॉकलेट पावडर भुरभुरलेली कॉफी घरी होईल का? (विरार)

होईल, आणि त्यासाठी ताजे बीन्स वगैरे काही नको. इन्स्टंट कॉफी, साखर, चमचाभर पाणी, फिकट होईपर्यंत फेटा. हॉलवाला दुधात जोरात वाफ सोडून फेस काढतो, तुम्ही गरम दूध उंचावरून ओता. दळलेल्या कॉफीची पावडर फेटायला जाऊ नका, ती विरघळत नाही.

प्रश्न: रोजचा चोथा सिंकमध्ये टाकला तर चालतो ना? (दादर)

अजिबात नाही, पाइपात साचून तुंबतो, आणि मग प्लंबरला बोलवा, तो रविवारी येत नाही. ओल्या कचऱ्यात टाका. गॅलरीत कुंड्या असतील तर वाळवून मूठभर मातीत मिसळा, नुसता वर थापू नका, बुरशी धरते.