पोटमाळ्याची उंची

“पाऊस लागला की बाबा झोपत नाहीत. दर तासाला बॅटरी घेऊन गल्लीत पाणी बघायला जातात. आणि दुसरीकडे जागा बघू म्हटलं की अंगावर येतात. त्यांच्या डोक्यावर परिणाम तर झाला नाही ना?”

चिपळूणच्या एका सुनेचा हा प्रश्न. २०२१च्या पुरानंतर असाच प्रश्न मला कितीतरी घरांतून आलाय. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

बाबांचं वय सत्तरीपुढचं, बाजारपेठेत दुकान. झोपेचं विचारलं तर म्हणाले, “वयाने कमी होते.” मग मी पुराबद्दल विचारलं. ते उठले आणि माझ्या खोलीच्या भिंतीवर तळवा टेकवून म्हणाले, “२००५ला पाणी इथवर. त्याच्या दोन फूट वर मी पोटमाळा बांधला. आळीत सगळ्यांना सांगायचो, माल वर टाका, घाबरू नका.” २०२१मध्ये २१ जुलैच्या रात्रीही त्यांनी तेच सांगितलं. २२ला वाशिष्ठीचं पाणी पोटमाळ्यात शिरलं. माणसं वाचली, माल गेला. “माझं ऐकून बुडाले लोक.” हात अजून भिंतीवरच होता.

याला मी वेड म्हणत नाही. मालाबरोबर त्यांचा शब्दही वाहून गेला होता. मी मुलाला आणि सुनेला त्यांच्यासमोरच सांगितलं, चूक बाबांची नाही. हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून पडतो तेव्हा पाऊस कोसळतो. नदीत गाळ, त्यात खाडीला भरती असली की पाणी उतरत नाही. जुनी खूण आता पुरत नाही.

घर सोडण्याचा विषय मी त्या पावसाळ्यापुरता बंद करायला लावला. पूररेषेतल्या घराला गिऱ्हाईक मिळत नाही, आणि निघालेल्याला आळी ‘पळाला’ म्हणते. हे ओझं एकट्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर टाकून कसं चालेल?

त्याऐवजी रात्रीच्या पाळ्या लावल्या. कागदपत्रं उंचावरच्या नातेवाइकांकडे ठेवली. आणि निघायचं कधी, हे उन्हातच ठरवलं: पाणी अमुक पायरीला लागलं की वाद न घालता निघायचं. ती पायरी बाबांनी निवडली. आळीत फोन करायचं कामही त्यांनीच मागून घेतलं.

पावसाळा सरल्यावरही झोप येत नसेल, किंवा ‘जगून काय करायचं’ असं बोलणं सुरू झालं, तर मात्र थांबू नका. मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आहे.

आषाढात सूनबाईंचा फोन आला. घराचं अजून काही ठरलेलं नाही. खालून दुसऱ्या पायरीवर बाबांनी लाल ऑइलपेंटची रेघ ओढलीय. आणि काल रात्री, मुलाची पाळी असताना, ते दोन ते पाच झोपले.