बांधावरची बंदूक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, निफाड तालुक्यात मळ्यात राहतो. पाच एकर द्राक्षबाग, तीन एकर ऊस, बाकी मका. रानडुकरं एका रात्रीत मका लोळवतात. शेतीची लाईट रात्रीची, त्यामुळे एक-दोन वाजता मोटार चालू करायला जावं लागतं आणि उसाच्या कडेनं जाताना बिबट्याची भीती वाटते. बंदुकीचा परवाना काढायचं ठरवलंय. मावसभाऊ म्हणतो रायफलच घे, बारा बोअरमध्ये दम नाही. काय घेऊ?
– एक शेतकरी

उत्तर : दादा, रायफल घेऊ नका. तुमचं रान सपाट आहे, आणि दोन वावरं ओलांडली की कोणाची ना कोणाची वस्ती आहे. अंगणात माणसं झोपलेली असतात, गोठ्यात जनावरं असतात. रायफलची .२२ इंची बारकी गोळीसुद्धा दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, .३१५ची तर त्याहून कितीतरी लांब. अंधारात डुकरावर नेम धरलात आणि तो चुकला, तर ती गोळी कुठे थांबेल हे तुम्हाला सांगता येणार नाही. बारा बोअरमधून एक गोळी नाही, शिशाचे छर्रे सुटतात, आणि बारीक छर्रे अडीच-तीनशे मीटरच्या आत जमिनीवर येतात. एस.जी.सारखे मोठे छर्रे त्याहून पुढे जातात, म्हणून तेही सरसकट वापरायचे नसतात. दम कमी आहे म्हणूनच मी आपल्या भागात बारा बोअर सुचवतो.

बारा बोअर म्हणजे काय, हे दुकानात विचारायला लोक लाजतात. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. नळीचा व्यास साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास. संरक्षणासाठी घ्यायच्या बंदुकीची नळी निदान वीस इंच हवी, ही मोजणी शस्त्र कायदा १९५९ मध्येच आहे. निफाड ग्रामीण भागात येतं, म्हणून अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या कार्यालयात. नाशिक शहरातल्या माणसाला पोलीस आयुक्तालयात जावं लागतं. शस्त्र सुरक्षेचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखलाही जोडावा लागतो. तो नुसता कागद मिळवू नका, खरंच शिकून घ्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा असतो.

बंदूक जुनी घेत असाल तर आधी ती रिकामी असल्याची खात्री करा. मग उघडून नळी उजेडाकडे धरा, दुनळी असेल तर दोन्ही. आत आरशासारखं दिसायला हवं. काळे खड्डे दिसले तर तशीच परत द्या. बंद करून हलवा. सांध्यात खडखड जाणवली तर तीही नको. मग डोळे मिटून दस्ता, म्हणजे मागचा लाकडी भाग, खांद्याला लावा आणि डोळे उघडा. नळीच्या टोकाचा मणी समोर सरळ दिसला तर बंदूक तुमच्या अंगाची. मान वाकवून तो शोधावा लागत असेल तर दस्ता तुमच्या मापाचा नाही.

आता माझ्यावर बेतलेलं सांगतो. वडिलांची दुनळी माझ्या नावावर झाली त्याला चाळीस वर्षं होत आली. एका पावसाळ्यात ती महिनाभर माळ्यावर तशीच राहिली. भाद्रपदात मक्यात डुकरं आली म्हणून नुसता हवेत बार काढायला उतरवली, काडतूस हातात घेतलं. नळीतून उजेड बघायची वडिलांनी लावलेली सवय होती, म्हणून बघितलं. उजव्या नळीतून चंद्र दिसला, डावीतून काहीच नाही. सकाळी गज घालून ढकललं तर कुंभारमाशीचं मातीचं घर निघालं, बोटाच्या पेराएवढं, वाळून विटेसारखं झालेलं. आत हिरवट कोळी भरून ठेवलेले होते. बार काढला असता तर डावी नळी फाटली असती, आणि माझा डावा हात नेमका तिच्याखाली होता. ते मातीचं घर अजून माझ्या कपाटात आहे. तेव्हापासून बंदूक हातात घेतली की आधी उघडायची आणि नळीतून आभाळ बघायचं. बांध चढताना, तारेखालून जाताना, पाटावरून उडी मारताना ती उघडी आणि रिकामी. काडतुसं खिशात. घरी आल्यावर बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या, आणि किल्ल्या पोरांना माहीत नसलेल्या जागी.

डुकराचं म्हणाल तर परवाना बंदूक बाळगायचा आहे, डुक्कर मारायचा नाही. त्यासाठी वनखात्याची वेगळी लेखी परवानगी लागते. अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात द्या, नुकसानीचा पंचनामाही तिथूनच करून घ्या. मक्याभोवती सौर झटका यंत्र लावा, पण तारेत थेट लाईन कधीही सोडू नका. त्या तारेला डुकराआधी शेजाऱ्याचा पोरगा चिकटतो.

बिबट्यासाठी मात्र बंदूक घेऊच नका. तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. खरोखर जिवावर बेतलं आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवताना तो मारला गेला तर कायदा गुन्हा धरत नाही, पण उसाच्या कडेला तो झडप घालेल तेव्हा खांद्यावरची बंदूक काढायला वेळच मिळत नाही. छर्रे लागून जखमी झालेला बिबट्या त्याच उसात बसतो, आणि दुसऱ्या दिवशी तिथे गवत कापायला बायका जातात. मोटारीला दोघं मिळून जा. मोठी बॅटरी, हातात काठी, मोबाईलवर मोठ्यानं गाणी. उसाजवळ खाली बसू नका, वाकलेला माणूस त्याला भक्ष्यासारखा दिसतो. तोडणीत बछडे सापडले तर हात लावू नका, वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा. वनखात्याची माणसं ते त्याच जागी ठेवतात आणि मादी बहुतेक वेळा रात्री येऊन घेऊन जाते. आणि दिवसा लाईट मिळावी यासाठी ग्रामसभेत ठराव करून पाठपुरावा करा. बंदुकीपेक्षा त्यानं तुमचा जीव जास्त सुरक्षित राहील, हे मी मनापासून सांगतोय.

प्रश्न : आजोबा नांदूरमध्यमेश्वरला बदकं मारायचे. मलाही शिकारीची हौस आहे. निदान छऱ्याच्या बंदुकीनं बागेतले पोपट मारले तर चालेल का?
– पिंपळगाव बसवंतचा एक तरुण

उत्तर : नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आजोबांच्या वेळची शिकार संपली. नांदूरमध्यमेश्वर आता अभयारण्य आहे, २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. ४.५ मिलिमीटरची, २० ज्यूलपर्यंतची हवेची बंदूक विनापरवाना मिळते, पण पोपट संरक्षित आहे, आणि छऱ्यानं माणसाचा डोळाही जातो. घडांवर जाळी टाका. नेमाची हौस असेल तर त्याच बंदुकीनं दहा मीटरवर कागदी निशाण मारा, मागे मातीचा ढीग करून. श्वास अर्धा सोडून चाप दाबायला शिकायला वर्ष जातं. त्यात खरा आनंद आहे.

प्रश्न : दसऱ्याला शस्त्रपूजनानंतर आमच्याकडे एक बार काढायची रीत आहे.
– सिन्नर

उत्तर : पूजा करा, झेंडूची माळ घाला, बार काढू नका. आनंदाच्या भरात निष्काळजीपणे गोळीबार केला तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

प्रश्न : सासरे वारले. त्यांची पीकसंरक्षणाची ठासणीची बंदूक दाराच्या मागे टांगलेली आहे. घरात लहान मुलं आहेत. ती भरलेली आहे का हेही कळत नाही.
– पेठ तालुक्यातली एक सून

उत्तर : ताई, तिला आजपासून कोणी हात लावायचा नाही. ठासणीची बंदूक नळीच्या तोंडातून दारू ठासून भरतात, ती मागून उघडत नाही, म्हणून बघून काही कळत नाही. जाणकार माणूस गज आत सोडतो, नळीच्या तोंडाशी त्यावर बोटानं खूण धरतो, मग बाहेर काढून नळीला लावून बघतो. गज चार बोटं कमी गेला असेल तर आत बार आहे. पण हे करताना हात नळीच्या तोंडासमोर येतो, तेव्हा तुम्ही करू नका. पोलीस ठाण्यात फोन करून सांगा की परवानाधारक वारले आहेत आणि शस्त्र जमा करायचं आहे. उशीर न करता जमा करणं कायद्यानं बंधनकारकच आहे. बंदूक न्यायला येणाऱ्याला ती भरलेली असू शकते हे तोंडानं सांगा. कोनाड्यात बंदुकीच्या दारूची डबी आणि बार पेटवायच्या टोप्या असतील, त्या चुलीपासून लांब ठेवा आणि त्याही द्या. जमा केल्याची पावती घ्या. घरातल्या कोणाला बंदूक हवी असेल तर वारस म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्याला मृत्यूचा दाखला, जुना परवाना आणि ही पावती लागेल, म्हणून तिन्ही एका पिशवीत ठेवा.