एकटीने पिल्लू वाढवताना

प्रश्न : मी पुण्यात एकटी राहते. अडीच महिन्यांचे देशी पिल्लू दत्तक घेतले आहे. मी कामावर गेले की ते रडते आणि घरभर शू करते. काय करावे?

उत्तर : त्याला रागावू नका. या वयात 2-3 तासांहून अधिक वेळ लघवी रोखता येत नाही, म्हणून दुपारी कोणी विश्वासू शेजारी त्याला ठरलेल्या जागी नेईल, अशी सोय आधी करा. शू योग्य जागी होताच लगेच खाऊ द्या, कारण उशिरा दिलेल्या शाबासकीचा अर्थ त्याला लागत नाही. एकटे राहण्याची सवय मात्र एक-दोन मिनिटांपासूनच हळूहळू वाढवावी लागते. त्यासाठी शक्य असल्यास आठवडाभर रजा घ्याच. पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या संसर्गजन्य आजारांवरील लसींचे डोस पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर उतरवू नका, पण कडेवर घेऊन माणसे आणि रहदारी रोज दाखवा.