सासर-माहेर एकाच बोटीत: कालव्यावरचे तीन दिवस

प्रश्न: नमस्कार दादा, आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला असतो. जूनमध्ये माझे आईबाबा आणि सासूसासरे एकदमच येतायत इंडियातून. नवऱ्याने व्हिडिओ बघून बघून ठरवलंय की नॅरोबोट (कालव्यावर चालणारी लांबट, अरुंद बोट) भाड्याने घ्यायची, शुक्रवारी दुपारी इंग्लंडमधल्या व्हिटचर्चला बोट ताब्यात घेऊन वेल्समधल्या लँगॉलनला जायचं आणि सोमवारी सकाळी परत द्यायची. आम्ही आठ जण, त्यात दोन मुलं (9 आणि 13). बोट चालवायचं लायसन्स कोणाकडेच नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, बाबांना पोहता येत नाही आणि खरं सांगू, मला पाण्यापेक्षा चार ज्येष्ठ नागरिक एका डब्यात कोंडल्याची भीती जास्त वाटतेय. जमेल का?

उत्तर: ताई, जमेल, पण हा प्लॅन नाही जमायचा. यजमानांनी मैल मोजलेत, तास मोजलेले दिसत नाहीत. कालव्यावर मर्यादा ताशी 4 मैलांची, आणि प्रत्यक्षात तेवढं कोणी जात नाही, कारण काठाला बांधलेल्या प्रत्येक बोटीशेजारून इंजिन अगदी हळू ठेवून जायचं असतं, नाहीतर त्यांच्या खुंट्या उपटतात आणि आतला माणूस चहाचा कप घेऊन बाहेर येऊन तुमच्याकडे बघतो. साधा हिशोब असा की मैल आणि लॉक (बोट वर-खाली करणारे पाण्याचे कप्पे, पुढे सांगतो) यांची बेरीज करायची आणि तिला 3 ने भागायचं, आले तुमचे तास. व्हिटचर्च ते लँगॉलन जाऊन-येऊन 50 मैलांच्या वर भरतं. म्हणजे शनिवार-रविवार मिळून अठरा-वीस तास नुसतं चालवणं, त्यात लँगॉलनकडून पाणी वाहत येतं त्यामुळे जाताना प्रवाहाच्या उलट, आणि भाड्याची बोट अंधार पडल्यावर चालवायची नसते. आम्ही पहिल्या वेळेस हेच केलं होतं. तिसऱ्या दिवशी बोटीत कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

त्यापेक्षा बोटच चर्क किंवा ट्रेव्हरच्या बाजूची बघा. तिथून लँगॉलनपर्यंत एकही लॉक नाही आणि बघण्यासारखं जे आहे ते सगळं त्याच पट्ट्यात आहे. चर्कचा जलसेतू (कालव्यालाच पलीकडे नेणारा पूल) 1801 चा, त्याला लागूनच 421 मीटरचा बोगदा, आणि मग पाँटकसल्टेचा जलसेतू. हा 1805 साली पूर्ण झाला, टेलफर्ड आणि जेसप या दोघांचं काम, 2009 पासून जागतिक वारसा. 307 मीटर लांबीचं बिडाचं पन्हाळं आहे, खाली डी नदी 38 मीटरवर. एका बाजूला पायवाट आणि कठडा. दुसऱ्या बाजूला काही नाही. पन्हाळ्याची कड पाण्याच्या जेमतेम वर आहे, बोटीत बसून बघितलं तर आपण हवेतच चाललोय असं वाटतं. बाबांना आधी सांगून ठेवा, आणि नकोच म्हणाले तर पायवाटेने कठड्याला धरून चालत येऊ देत, पलीकडे बोटीत घ्या. माझ्या आईने ते अख्खं अंतर डोळे मिटून रामरक्षा म्हणत पार केलं आणि पलीकडे गेल्यावर विचारलं, परत येताना पण इथूनच का?

मुलांना लॉक बघायचे असतीलच (आणि बघायलाच हवेत). त्यासाठी चर्कहून एल्समियरच्या दिशेला न्यू मार्टनचे दोन आहेत, तेवढे पुरे. लॉक म्हणजे बोटीची लिफ्ट, दोन्हीकडे दारं, विंडलास नावाच्या हँडलने झडप उघडून पाणी भरायचं किंवा सोडायचं. एकच गोष्ट डोक्यात पक्की बसवा. लॉकमधून बोट खाली उतरताना वरच्या दाराशी पाण्याखाली दगडी पायरी असते, तिला सिल म्हणतात, काठावर पांढऱ्या रेघेने खूण केलेली असते. बोटीचा मागचा भाग त्या रेघेच्या पुढेच ठेवायचा. पाणी उतरताना शेपूट त्या पायरीवर अडकलं तर बोट तिरकी होऊन बुडते, आणि हे खरंच होतं. काही वेगळं वाटलं की आधी झडपा बंद, मग चर्चा.

कालवा बहुतेक ठिकाणी कमरेएवढा, त्यामुळे पोहता न येण्याचं एवढं मनावर घेऊ नका, लाइफ जॅकेट मागून घ्या आणि बाबा, मुलं यांना ते घालायला लावा. खरा धोका चिरडण्याचा. पंधरा-वीस टनांचं धूड असतं, काठाला लागताना पाय मध्ये घालून थांबवायला जायचं नाही आणि उडी तर अजिबात नाही. सासूबाईंना लॉकपाशी चढ-उतार करायला लावू नका, पुढच्या डेकवर खुर्ची टाकून द्या.

आता डब्याचा प्रश्न. बोट जेमतेम 2 मीटर रुंद, आत एकच बोळ. कोणी गॅसपाशी उभं असेल तर मागून जाणाऱ्याला अंग तिरकं करून सरकावं लागतं. आठ जणांची म्हणून देतात त्यात दोन जणांची झोपायची सोय जेवायचं टेबल मोडून केलेली असते, म्हणजे शेवटचा माणूस उठेपर्यंत चहा नाही. दोन टॉयलेटवालीच घ्या, यावर पैसे वाचवू नका. आणि प्रत्येकाला काम द्या. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, तीस वर्षं घाट चालवलेला माणूस, त्यांच्या हातात टिलर (बोट वळवायचा मागचा दांडा) दिला. टिलर उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे जाते. अर्धा तास आम्ही झुडपांतून चाललो होतो. नंतर मात्र जेवायला सुद्धा हँडल सोडेनात.

छपरावर कपडे वाळत घालू नका. बहिणीची ओढणी उडाली आणि बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात गुंडाळली गेली. मग इंजिन बंद, किल्ली काढून खिशात (हे विसरायचं नाही), मागचं झाकण उघडून गार पाण्यात खांद्यापर्यंत हात घालून ब्रेड कापायच्या सुरीने चाळीस मिनिटं एकेक धागा कापत बसलो.

लायसन्स लागत नाही. बोट देताना शिकवतात, तेव्हा एकट्या यजमानांनी नाही, निदान तिघांनी नीट ऐका.

प्रश्न: 60 फुटी बोट परत वळवायची कशी? कालवा तर तेवढा रुंद नसतो. (नाशिकहून एक वाचक)

उत्तर: ठराविक ठिकाणी काठ आत खणून मोठा केलेला असतो, नकाशावर वाइंडिंग होल लिहिलेलं दिसेल, पण तिथले लोक विंड म्हणजे वारा, त्यावरून विंडिंग म्हणतात. ते चुकलं की पुढचं येईपर्यंत सरळ जायचं. लँगॉलनला धक्क्याजवळ वळायला जागा आहे, त्याच्या पुढे इंजिनाच्या बोटींनी जायचं नाही. तिथून घोड्याने ओढायची बोट सुटते, 1884 पासून चालू आहे, ज्येष्ठांना त्यात बसवा आणि तासभर स्वतः गप्प बसा.

प्रश्न: कुकर, मिक्सर चालतो का बोटीत? (ठाणे)

उत्तर: गॅस असतो, कुकर चालतो. आमची शिट्टी झाली तेव्हा काठावरचा कुत्रा आणि त्याचा मालक दोघं एकदम थांबले होते. वीज बॅटरीची असते, मिक्सरच्या भरवशावर राहू नका, चटणी घरूनच वाटून न्या.